टोसिलिझुमॅब सुरू असताना रिपोर्टवर किती विसंबावं?

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी टोसिलिझुमॅब सुरू झालं, की एक-दोन डोसनंतरच एक रिपोर्ट घरी येतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. वर्षानुवर्षं ४०-५० च्या खाली न उतरलेला सीआरपी एकच्याही खाली गेलेला असतो. ईएसआरही धाडकन उतरलेला. सकाळी तासभर न वळणारी बोटं आता कणीक मळतात, ब्लाउजचे हूक कुणाच्या मदतीशिवाय लागतात. हे सुख खरं आहे आणि ते औषधामुळेच मिळालेलं आहे. मात्र त्या दिवसापासून सीआरपीच्या आकड्याचा अर्थ बदलतो. रुग्णाला, घरच्यांना आणि जवळच्या फॅमिली डॉक्टरांना हे ठाऊक नसेल, तर वेळेत बरा होणारा न्यूमोनिया हाताबाहेर जाऊ शकतो. हा लेख मुख्यतः त्यासाठी लिहिला आहे.

हे औषध नेमकं कुठे काम करतं ते आधी पाहू, कारण पुढची बहुतेक पथ्यं त्यातूनच निघतात. जंतुसंसर्ग असो, जखम असो किंवा शरीराने स्वतःच्याच सांध्यांवर केलेला हल्ला असो, तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६, म्हणजे आयएल-६ नावाचं छोटं प्रथिन बाहेर सोडतात. या प्रथिनाचा परिणाम ज्या पेशीवर व्हायचा, तिच्याकडे ते धरणारं दुसरं प्रथिन असावं लागतं. तोच आयएल-६ रिसेप्टर. जपानमधल्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये आयएल-६ चं जनुक शोधलं आणि १९८८ मध्ये किशिमोतोंच्या गटाने रिसेप्टरचंही शोधलं. आयएल-६ आणि रिसेप्टर यांची जोडी जुळली की ती पेशीवरच्या जीपी१३० नावाच्या तिसऱ्या प्रथिनाला भिडते. जीपी१३० च्या आतल्या बाजूला चिकटलेली जेएके एन्झाइमं मग कामाला लागतात, ती स्टॅट३ ला चालना देतात, आणि स्टॅट३ केंद्रकात शिरून दाहाशी संबंधित जनुकं चालू करतं.

जीपी१३० शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतं. आयएल-६ रिसेप्टर मात्र मोजक्याच पेशींवर असतो, मुख्यतः यकृताच्या पेशी आणि काही पांढऱ्या पेशी. मग सांध्याच्या अस्तरातल्या पेशी कशा पेटतात? एडॅम१७ नावाचं एक एन्झाइम रिसेप्टरचा बाहेरचा भाग कापून मोकळा करतं. हा सुटा तुकडा रक्तात आणि सांध्यातल्या द्रवात फिरतो, वाटेत आयएल-६ ला धरतो, आणि ज्या पेशीकडे स्वतःचा रिसेप्टरच नाही तिच्याही जीपी१३० ला जाऊन भिडतो. लांबत गेलेल्या दाहात या दुसऱ्या मार्गाचा वाटा मोठा असतो. टोसिलिझुमॅब ही अँटीबॉडी पेशीवरचा आणि सुटा, असे दोन्ही रिसेप्टर अडवते. त्याच जातीचं दुसरं औषध म्हणजे सरिलुमॅब. टोफासिटिनिब किंवा बॅरिसिटिनिबच्या गोळ्या मात्र वेगळ्या. त्या पेशीच्या आत जेएकेपाशी काम करतात, आणि आयएल-६ शिवाय इतरही अनेक संदेश अडवतात.

आता सीआरपीकडे येऊ. हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि ते तयार करण्याचा मुख्य हुकूम आयएल-६ च देतं. ईएसआर वाढवणारं फायब्रिनोजेनही तसंच. यकृताच्या पेशीवरचा रिसेप्टर अडवला की हुकूम पोचत नाही, म्हणून सीआरपी बनत नाही. शरीरात दाह आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लकच राहतो. दाराची घंटा काढून ठेवल्यावर कुणी दारात उभं राहिलं तरी आत ऐकू येत नाही, तसं हे आहे. तापाचंही तेच, कारण ताप चढवण्यात आयएल-६ चा मोठा हात असतो. त्यामुळे हे इंजेक्शन चालू असलेल्या माणसाच्या फुप्फुसात जंतू वाढत असतानाही ताप ९९ च्या आसपास आणि सीआरपी नॉर्मल असू शकतो.

म्हणून लक्षणांवर भर द्या. नव्याने सुरू झालेला खोकला, जिना चढताना लागणारी धाप, लघवीला जळजळ, पायावरचा लाल आणि गरम पट्टा, दाताच्या मुळाशी ठणका, नेहमीपेक्षा वेगळा गळून गेल्यासारखा थकवा. यातलं काहीही दिसलं तर ताप येण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि पुढचा डोस संधिवाततज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मधुमेह असेल तर तळपाय रोज पाहा, कारण तिथली जखम अशीही उशिरा कळते आणि आता आणखी उशिरा कळेल. पावसाळ्यात मुंबई-कोकणात डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढतात, तेव्हा अंगदुखी आणि डोकेदुखी ‘सांध्यांचंच असेल’ म्हणून सोडून देऊ नका. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, आणि या औषधानेही त्या थोड्या उतरतात. तपासणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी माहीत हव्यात.

रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत जाण्याची वेळ आली, तर तिथले डॉक्टर तुम्हाला ओळखत नसतात. ते शिरस्त्याप्रमाणे सीआरपी पाठवतील, तो ०.५ येईल, आणि ‘विशेष काही नाही’ म्हणून तुम्हाला घरी पाठवतील. यात त्यांची चूक नाही, त्यांना माहितीच मिळालेली नसते. त्यासाठी एक कार्ड पाकिटात आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्यावर मोठ्या अक्षरांत एवढंच लिहा: मी टोसिलिझुमॅब घेतो किंवा घेते, शेवटचा डोस अमुक तारखेला, या औषधाने सीआरपी, ईएसआर आणि ताप दबतात, संसर्गाची शंका आल्यास एक्स-रे आणि कल्चर करावं. खाली संधिवाततज्ज्ञांचा नंबर. प्रोकॅल्सिटोनिनचा आकडाही या औषधाने दबू शकतो, म्हणून एकट्या त्याच्यावरही निर्णय सोडू नये. शिरेतून दर चार आठवड्यांनी दिलेल्या डोसचा परिणाम बरेच आठवडे टिकतो. तेव्हा ‘मागच्या महिन्यात घेतलं होतं, आता चालू नाही’ असं सांगणं पुरेसं नाही. तारीख सांगा.

इंजेक्शन सुरू करण्याआधीच्या तपासण्यांत सगळ्यात महत्त्वाची क्षयाची. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, आणि ज्यांना आजार झालेला नाही अशा कितीतरी लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेले असतात. छातीचा एक्स-रे आणि त्यासोबत मँटू किंवा इग्रा चाचणी झालीच पाहिजे. लहानपणी बीसीजी घेतल्यामुळे मँटू उगीच पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट, स्टेरॉइड चालू असेल तर खरा संसर्ग असूनही ती निगेटिव्ह येते. म्हणून डॉक्टरांना आपण होऊन सांगा: घरात कुणाला टीबी झाला होता का, कामाच्या ठिकाणी कुणाला होता का, तुम्हाला पूर्वी गोळ्या दिल्या होत्या का. ही माहिती लपवण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही, आणि इथे ती लपवणं थेट जिवावर येऊ शकतं. सुप्त क्षय सापडला तर आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात आणि साधारण महिनाभरानंतर इंजेक्शन. हेपॅटायटिस बी आणि सी याही तपासण्या याच वेळी होतात.

इथे यकृताचा प्रश्न येतो आणि तो मला फार गंभीर वाटतो, कारण आपल्या रुग्णांत चार-चार गोष्टी यकृतावर एकदम येऊन पडतात. मेथोट्रेक्सेट आधीपासून असतं. प्रतिबंधक गोळ्यांतलं आयसोनियाझिड असतं. त्यात टोसिलिझुमॅब. आणि वर कुणीतरी प्रेमाने आणून दिलेला काढा. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा संबंध मान्य केला नाही. तो वाद तज्ज्ञ पुढे चालवतील. पण ज्या माणसाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे, त्याने ती आणखी वाढवण्याचं चूर्ण का घ्यावं, हा प्रश्न कुणीही स्वतःला विचारू शकतो. काढा, चूर्ण, प्रोटीन पावडर, जे काही घेत असाल ते पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. दारू शक्यतो नकोच. एसजीपीटी, एसजीओटी पहिले सहा महिने दर चार ते आठ आठवड्यांनी आणि नंतर दर तीन महिन्यांनी तपासावी. ती सामान्य कमाल मर्यादेच्या दीडपटीहून जास्त असेल तर हे औषध सुरू करत नाहीत, आणि चालू असताना पाचपटीहून वर गेली तर बंद करतात. लघवी गडद पिवळी होणं, भूक मरणं, मळमळ, उजव्या कुशीत दुखणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका.

रक्ताचा रिपोर्ट वाचताना बहुतेक जण फक्त हिमोग्लोबिन पाहतात. तुम्ही न्यूट्रोफिलही पाहा. अनेक लॅब त्याची फक्त टक्केवारी छापतात, तेव्हा हिशेब स्वतः करावा लागतो. समजा, पांढऱ्या पेशी एकूण ४,२०० आणि न्यूट्रोफिल ३८ टक्के. ४,२०० चे ३८ टक्के म्हणजे १,५९६. आकडा २,००० च्या खाली असताना हे औषध सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर १,००० च्या वर असेपर्यंत सहसा चालू ठेवतात, त्याखाली गेला की डोस थांबवतात, आणि ५०० च्या खाली औषध बंद. म्हणजे १,५९६ ला घाबरायचं कारण नाही, पण पुढची तपासणी लांबवू नये. प्लेटलेटसाठी सुरू करतानाची सीमा एक लाख आहे. सीआरपी पाहताना त्याचं एककही पाहा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि दोन्हींत दहापटींचा फरक असतो. लॅब बदलल्यावर ‘सीआरपी दहापट वाढला’ म्हणून घाबरण्याआधी हे एकदा बघावं.

हिमोग्लोबिनची गोष्ट आनंदाची आहे. आयएल-६ यकृताकडून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक तयार करून घेतं, आणि हेप्सिडिन शरीरातलं लोह अडवून ठेवतं. म्हणून दाह चालू असलेल्या कित्येक बायका वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खातात, बद्धकोष्ठ सोसतात, आणि हिमोग्लोबिन ९ च्या वर जात नाही. रिसेप्टर अडवला की हेप्सिडिन उतरतं आणि काही महिन्यांत हिमोग्लोबिन चढू लागतं. तेव्हा लोहाची गोळी पुढे चालू ठेवायची का, हे फेरिटिन तपासून डॉक्टरांना विचारावं. कोलेस्टेरॉल मात्र वाढतं. चार ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करावं, गरज पडली तर स्टॅटिन सुरू होते. तेवढ्यासाठी इंजेक्शन सोडण्याचं कारण नाही.

पोटदुखी हलकी घेऊ नका. आतड्याचं अस्तर झिजलं की ते भरून काढायलाही आयएल-६ लागतं. या औषधावर असलेल्या थोड्या रुग्णांत आतड्याला भोक पडल्याचं आढळलं आहे. त्यातही ज्यांना आधी डायव्हर्टिक्युलायटिस होऊन गेला होता किंवा जे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या सोबत घेत होते, त्यांना धोका जास्त. पोटात एकाएकी जोराची कळ आली, पोट दगडासारखं कडक झालं, शौचातून रक्त गेलं, तर सरळ हॉस्पिटल गाठा. इथेही ताप आणि सीआरपी साथ देणार नाहीत, म्हणून सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनचा आग्रह धरावा लागतो. सांधे मोकळे झाल्यावर सवयीने घेतली जाणारी वेदनाशामक गोळी डॉक्टरांशी बोलून कमी करणं, हा यावरचा साधा उपाय आहे.

आणखी एक बाब सहसा कुणी सांगत नाही. दाह जोरात असताना यकृताची औषधं पचवणारी एन्झाइमं मंदावलेली असतात. रिसेप्टर अडवल्यावर ती पुन्हा जोमाने काम करू लागतात, आणि मग वॉरफरिन, थिओफिलिन, सायक्लोस्पोरिन, काही स्टॅटिन किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांचा तोच डोस अपुरा पडू शकतो. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे आयएनआर जास्त वेळा तपासावा.

लसी शक्यतो आधीच उरकून घ्या: न्यूमोकोकल, दरवर्षीची फ्लूची, हेपॅटायटिस बी, आणि पन्नाशीच्या पुढच्यांनी नागिणीची नवी रिकॉम्बिनंट लस. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला, यलो फीव्हर, या औषधावर असताना चालत नाहीत. आफ्रिकेतल्या काही देशांत जायचं असेल तर यलो फीव्हरचा प्रश्न तिकीट काढण्याआधी सोडवावा लागतो.

त्वचेखाली घेण्याची १६२ मिलिग्रॅमची सिरिंज २ ते ८ अंशांत ठेवायची. फ्रीजच्या दारात नको, फ्रीजरला टेकूनही नको. एकदा गोठलेली सिरिंज वितळली तरी टाकून द्यायची. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, हलवू नका, गरम पाण्यात बुडवू नका. पोटावर टोचताना बेंबीपासून दोन इंच लांब, आणि दर वेळी जागा बदलून.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, महाराष्ट्रातल्या किती कुटुंबांनी या औषधाच्या एका कुपीसाठी रात्र-रात्र फोन केले, ते आपण पाहिलं आहे. त्यामुळे या नावाभोवती अजूनही एक भीती आणि एक जादू अशी दोन्ही चिकटलेली आहेत. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत ४,११६ रुग्ण होते, सगळे ऑक्सिजन कमी पडलेले आणि सीआरपी ७५ च्या वर असलेले. २८ दिवसांत मृत्यू झाले ते टोसिलिझुमॅब मिळालेल्यांपैकी ३१ टक्क्यांचे, न मिळालेल्यांपैकी ३५ टक्क्यांचे. फायदा खरा होता, पण प्रत्येकाला वाचवणारं ते औषध नव्हतं. ज्यांना ते मिळवता आलं नाही अशा घरांनी स्वतःला दोष देऊ नये, म्हणून हा आकडा इथे मुद्दाम देतो आहे.

त्याच काळात रक्तातलं आयएल-६ मोजून घेण्याची सवय लागली आणि काही लॅबच्या पॅकेजांत ती तपासणी अजून आहे. टोसिलिझुमॅब घेणाऱ्याने ती करू नये. आयएल-६ रक्तातून कमी होतं ते बऱ्याच अंशी रिसेप्टरला चिकटून पेशीत ओढलं गेल्यामुळे. रिसेप्टर अडवल्यावर ते रक्तातच साचतं आणि आकडा कित्येक पटींनी वाढतो. आजार बिघडल्याची ती खूण नसते. आणि आयएल-६ म्हणजे विष, असंही समजू नका. भरभर चालताना तुमचे स्नायूही ते सोडतात. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी हे दाखवून दिलं. चालणं सोडू नका.

या रिसेप्टरला अडवण्याचा उपयोग संधिवाताबाहेरही होतो. कर्करोगावरच्या सीएआर-टी उपचारात साइटोकाइनचं वादळ उठतं, ते शमवायला हेच औषध देतात. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीचा जीव त्याने वाचला. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार१९ या सीएआर-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तुमच्या घरात कुणी असे उपचार घेणार असेल, तर टोसिलिझुमॅबचं नाव समुपदेशनात ऐकायला मिळेल. तिथे ते एक-दोन डोसांपुरतं असतं, वर सांगितलेली वर्षानुवर्षांची पथ्यं तिथे जशीच्या तशी लागू होत नाहीत.

गुडघा बदलण्यासारखी ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर ती डोसचं चक्र संपल्यावर घेतात. दर चार आठवड्यांचा शिरेतला डोस असेल तर पाचव्या आठवड्यात, आणि टाके नीट भरल्यावर पुन्हा सुरू. मूल हवं असेल तर गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला, कारण सोबतचं मेथोट्रेक्सेट गर्भाला निश्चित घातक आहे आणि ते आधी थांबवावं लागतं.

राहिला प्रश्न, बरं वाटू लागल्यावर डोस लांबवण्याचा. औषध महाग आहे, त्यामुळे हा विचार प्रत्येक घरात येतो आणि तो चुकीचा नाही. फक्त तो सीआरपी पाहून ठरवू नका. संधिवाताची तीव्रता मोजण्याची डीएएस२८ ही पद्धत ईएसआर किंवा सीआरपी हिशेबात धरते, म्हणून या औषधावर ती तब्येत आहे त्याहून चांगली दाखवते. सीडीएआय पद्धतीत रक्ताचा आकडाच नसतो. डॉक्टर २८ सांधे दाबून पाहतात, किती दुखतात आणि किती सुजलेले आहेत ते मोजतात, त्यात तुमचं आणि त्यांचं स्वतःचं मत दहापैकी गुणांत मिळवतात. बेरीज २.८ किंवा कमी आली तर आजार शांत आहे. भेटीत डॉक्टर घाईत असतील तरी ‘सांधे तपासून सीडीएआय लिहाल का’ असं विचारायला संकोचू नका, आणि प्रत्येक भेटीचा आकडा फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह टिपून ठेवा. तो सलग काही महिने खाली राहिला, तर चार आठवड्यांचे पाच किंवा सहा करून पाहण्याविषयी डॉक्टरांशी बोलता येतं. मधल्या काळात एखादं मनगट सकाळी गरम आणि फुगलेलं वाटलं तर त्याचा फोटो काढा, तारीख टाका आणि डॉक्टरांना पाठवा.